पितळी ताटलीतले तिकीट

"घ्या. जपून जावा, आन् परत या."

तिकीट देताना हे शब्द ते प्रत्येकाला म्हणत. तिकीट हातात देत नसत. खिडकीच्या रुंद कठड्यावर एक पितळी ताटली असे. पुठ्ठ्याचे ते लहानसे तिकीट ताटलीत ठेवून, ती दोन बोटांनी किंचित पुढे सरकवून, ते मान लववत. माहेरी निघालेली लेक असो, कोर्टाच्या तारखेला निघालेला म्हातारा असो, की बेळगावच्या शाळेत संस्कृत शिकवायला निघालेला माझ्यासारखा मास्तर असो. ताटली तीच आणि बोलणेही तेच.

गाव त्यांना टेसनाप्पा म्हणत असे. त्यांचे खरे नाव मी लिहीत नाही. आपल्यापैकी ज्यांनी बेळगाव ते खानापूर हा प्रवास त्या जुन्या, धुराच्या गाडीने केला असेल, त्यांनी ही खिडकी पाहिलीही असेल. पाहिली आणि विसरली असेल, इतकी ती लहान होती.

आमचे ते स्थानक म्हणजे नुसता थांबा. मुरुमाचा फलाट, दोन दगडी बाके, कौलारू खोली, नावाची पाटी आणि जांभळाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. तिथे टेलिफोन नव्हता. माळापलीकडे धूर दिसला की आप्पा लोखंडी सळईने तो तुकडा वाजवीत. रानात भांगलणाऱ्या बाया तो आवाज ऐकून उठत, चुलीपुढच्या बाया भाकरी फडक्यात बांधत, आणि मी पूजेची घंटा खाली ठेवून उपरणे खांद्यावर टाकीत असे.

थांबा आपसूक आला नव्हता. आजोबांच्या काळापासून गाडी गावाच्या कुशीतून जात होती, पण थांबत नव्हती. डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन बाया रुळाच्या कडेने पुढच्या स्थानकापर्यंत चालत जात. सत्तर सालाच्या सुमारास अर्ज-विनंत्या झाल्या. फलाट गावाने बांधून द्यावा, मग गाडी थांबेल, असे ठरले. त्या उन्हाळ्यात साऱ्या आळ्यांतली माणसे मुरूम वाहायला आली. टाकलेल्या मुरमात कोणाची पाटी कोणती, हे कोणी विचारले नाही.

तिकिटे विकायला मात्र गावातलाच कोणी हवा होता. मोबदला इतका अल्प की कोणी पुढे येईना. आप्पा आले. ते बौद्ध वस्तीतले. वडील याच मार्गावर गँगमन होते आणि रूळ सांभाळतानाच गेले. आप्पा सातवी शिकलेले, मराठी-कानडी दोन्ही लिहिणारे. खोलीचा ताबा मिळाल्यावर त्यांनी आत भगवान बुद्धांची तसबीर आणि तिच्या शेजारी वडिलांचा फोटो लावला, आणि दाराशी कर्दळीचे कंद पुरले.

पहिल्या दिवशी खिडकीशी पहिली आली ती भाजीवाली आक्का. शेतकऱ्याघरची, तोंडाने फटकळ, साऱ्या गावाची आक्का. आप्पांनी तिकीट पुढे केले तसा तिने हात मागे घेतला.

"ठेव की तितं कठड्यावर. उचलते मी."

आप्पांनी ठेवले. आक्काने पदराच्या टोकाने उचलले आणि ती गाडीत बसली. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आम्हा सर्वांनी ते पाहिले. मग आम्हीही आपापली तिकिटे घेऊन गाडीत चढलो.

दुसऱ्या दिवशी कठड्यावर पितळी ताटली आली. घासून लखलखीत केलेली. आक्काचे तिकीट ताटलीत, तिच्यामागे उभ्या पंचायतीच्या चेअरमनचे ताटलीत, शाळकरी पोरांचे ताटलीत, आणि आप्पांच्या स्वतःच्या भावाचेही ताटलीत. मी मुद्दाम हात पुढे केला. आप्पांनी ताटली पुढे केली.

"आप्पा, मला हातात द्या," मी म्हणालो.

"न्हाय, गुरुजी. तुमच्यापुरतं येगळं केलं तर बाकीच्यांस्नी काय सांगू?"

स्वर शांत होता. त्यात राग शोधूनही सापडला नसता. मी तिकीट ताटलीतून उचलले. देवळात तीर्थ घेताना जसा उजव्या हाताखाली डावा हात धरतो, तसा तो माझा नकळत धरला गेला, हे मला गाडीत बसल्यावर जाणवले.

सकाळी गेलेली माणसे संध्याकाळच्या गाडीने परतत. आप्पा कंदील उचलून फलाटाच्या टोकाशी उभे राहत आणि उतरणाऱ्या प्रत्येकाकडे पाहत. गाडी निघून गेली तरी ते लगेच वळत नसत. कोणी आले नसेल तर घरी परतताना त्याच्या दाराशी थांबून सांगत, "तुमचा थोरला आला न्हाय आज. दवाखान्यात मुक्काम पडला आसंल. काळजी करू नगासा."

हे काम त्यांना कोणी नेमून दिलेले नव्हते. परत या म्हटल्यावर माणूस परत आला की नाही, हे पाहणे त्यांना आपल्या शब्दाचाच भाग वाटत असावे.

आमच्या गावातल्या एका बाईचा मुलगा भावकीच्या मारामारीत सापडून हिंडलग्याच्या तुरुंगात होता. ती अधूनमधून भेटीला जाई. आप्पांनी तिलाही नेहमीचेच म्हटले. ती खिडकीशी थबकली.

"मी येतीच की रं माघारी. त्येला सांग, परत ये म्हणून."

आप्पांनी ताटलीतले तिकीट उचलून पुन्हा नीट ठेवले, आणि ताटली पुढे सरकवली.

आता गावाच्या एका खोडीबद्दल सांगितलेच पाहिजे. गाडीवर गावाचे अपार प्रेम होते, पण तिकिटावर नव्हते. आमच्या लोकांची एक ठाम समजूत होती की रूळ आपल्या रानातून गेले आहेत, फलाट आपण बांधला आहे, तेव्हा गाडी घरचीच. घरच्या गाडीला तिकीट कसले? कित्येक जण फलाटावर न येता पलीकडच्या शेतातून येत आणि उलट्या बाजूने डब्यात चढत. नोकरदार आणि विद्यार्थी मासिक पास काढत, पण ते बेळगावला. त्यांचा हिशेब बेळगावच्या नावावर जाई. मी मात्र पास न काढता रोज खिडकीवरच तिकीट घेत असे, पण एकट्याने काय होणार?

आक्का तर उघड बिनतिकिटाची. पहिले काही आठवडे तिने तिकीट काढले, मग सोडून दिले.

"आक्का, तिकीट," आप्पा खिडकीतून हाक मारीत.

"कसलं तिकीट रं? माज्या सासऱ्याच्या रानातनं रूळ गेल्यात. गाडीनंच मला भाडं द्याया पायजे!"

"मग गाडीलाच इचारा आक्का. माज्याजवळ निस्तं तिकीट हाय."

"लई शाना झालास टेसनात बसून!"

डबाभर लोक हसत. आप्पाही हसत. पण गाडी गेल्यावर ताटली पुसताना त्यांचा चेहरा उतरलेला असे. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "गुरुजी, ह्या लोकांस्नी वाटतंय गाडी कायमची थांबली. गाडी काय, आपून थांबवतोय तवर थांबतीया."

तो प्रश्न ऐंशी सालानंतर उभा राहिला. गावापर्यंत डांबरी सडक झाली होती, बस येऊ लागली होती. थांब्यावर तिकिटे फारशी खपत नाहीत, तो ठेवायचा की काढायचा हे पाहण्यासाठी मोठे साहेब स्वतः येणार, असा निरोप पुढच्या स्थानकाच्या मास्तरांनी आप्पांना दिला.

आप्पा घरोघर फिरले. मी त्यांना देवळासमोर बोलताना ऐकले. "ज्यास्नी खरंच जायाचं हाय, त्यांनी त्या दिवशी जावा. फलाटावरनं चढा, तिकीट काढून चढा. बास. दुसरं काय नगं."

चेअरमनना हे पटले नाही. पंचायतीचे चेअरमन म्हणजे सभा-मिरवणुकांत मुरलेला गडी, आणि गावावर मनापासून माया असलेला. ते म्हणाले, "आप्पा, तुला ह्यातलं काय कळत न्हाय. सायबाच्या डोळ्यांत माणूस भराय पायजे, माणूस! तिकीट कोण बघतंय?"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुमी सायबाच्या स्वागताचा एक श्लोक करा. संस्कृतात. वजनदार."

मी केला. शार्दूलविक्रीडित वृत्तात.

त्या सकाळी फलाटाला आंब्याच्या डहाळ्या आणि झेंडूच्या माळा होत्या. दवंडी पिटून गाव गोळा केले होते. हलगी कडाडत होती. रानात जाणारे लोक खुरप्यांसकट आले होते, तान्ही पोरे कडेवर होती, हातात काठी घेतलेले म्हातारे होते. आप्पा धुतलेला सदरा घालून खिडकीत बसले होते, ताटली समोर होती, आणि खिडकीशी फारसे कोणी नव्हते. मी होतो, हिंडलग्याला निघालेली ती बाई होती, आणि बोटांवर मोजता येतील असे आणखी काही जण.

"एवढी माणसं कशाला आल्यात, गुरुजी?" आप्पांनी हळूच विचारले.

"स्वागताला," मी म्हणालो. मलाही तेवढेच ठाऊक होते.

गाडी आली. साहेब उतरले, सोबत काळ्या कोटातले दोन तिकीट तपासनीस. हार झाले, नारळ झाला. मी श्लोक म्हटला. शेवटच्या चरणाला इंजिनाने वाफ सोडली आणि माझे सारे वृत्त त्या पांढऱ्या ढगात विरून गेले.

आणि मग चेअरमननी हात वर करून आरोळी दिली, "चढा!"

पाहता पाहता अख्खा गाव गाडीत चढला. बाया, पोरे, म्हातारे, हलगीवाला हलगीसकट. ठरले होते ते असे, की साहेबांना डबे खचाखच भरलेले दिसावेत. पुढच्या स्थानकावर सगळ्यांनी उतरायचे आणि चालत घरी यायचे. ही मसलत आप्पांना कोणी सांगितली नव्हती. ते नको म्हणतील, हे सर्वांना माहीत होते. तिकीट काढण्याचा विचार मात्र कोणाच्या मनाला शिवला नव्हता. खिडकीजवळच्या डब्याच्या दारात आक्का बसली होती, मांडीवर रिकामी पाटी घेऊन, विजयी मुद्रेने.

साहेबांनी भरलेली गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. मग ते खिडकीशी आले आणि कानडीत विचारले, "टिकेट एष्टु?" तिकिटे किती गेली?

आप्पांनी रिकाम्या ताटलीकडे पाहिले. तपासनीस दोन डब्यांच्या दारांशी जाऊन उभे राहिले होते.

वाचकहो, त्या क्षणी त्या माणसासमोर काय उभे होते ते आपणही पाहावे. हे सगळे प्रवासी आहेत असे म्हणावे, तर अख्खा गाव बिनतिकिटाचा ठरतो. दंड, आणि दंड भरला नाही तर त्याच हिंडलग्याची वाट. हे प्रवासी नाहीत म्हणावे, तर ज्या थांब्यासाठी आप्पांनी उमेदीची वर्षे घातली, त्याला प्रवासीच नाहीत असे त्यांच्याच तोंडून सिद्ध होते. तिसरा मार्ग गावाने शिल्लक ठेवला नव्हता.

आप्पा खोलीतून बाहेर आले. फलाटाच्या मध्यावर उभे राहून त्यांनी, धूर दिसल्यावर रूळ वाजवून सर्वांना बोलावणाऱ्या त्या माणसाने, मोठ्याने हाक दिली.

"उतरा रं समदी! सायबास्नी बघाय आल्तासा न्हवं? बघून झालं. उतरा आता."

कोणी हलेना. चेअरमन ओरडले, "आप्पा, याड लागलं काय तुला?"

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ते आक्काच्या डब्याशी गेले. तिच्या डोक्याशीच काळा कोट उभा होता. आप्पा तिला अगदी हळू म्हणाले, "आक्का, उतर. माजं ऐक एकदा."

आक्काने वर तपासनिसाकडे पाहिले, मग आप्पांकडे. तिला उमगले. ती उतरली. तिच्यामागे एकेक करून गाव उतरले. डबे रिकामे होताना त्यांच्या खिडक्यांतून पलीकडची भातशेते दिसू लागली. हलगीवाला सर्वांत शेवटी उतरला.

आप्पा साहेबांना कानडीत म्हणाले, "ही मंडळी प्रवासी नव्हेत, साहेब. तुमच्या स्वागताला आली होती. प्रवासी गाडीत आहेत."

गाडीत आम्ही मूठभर उरलो होतो.

साहेब माझ्याच डब्यात बसले. बाहेर पाहत ते म्हणाले, "श्लोक उत्तम होता, गुरुजी." आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "त्या माणसाने माझे काम सोपे केले. मला ते आवडले नाही."

पावसाळा संपता संपता थांबा बंद झाला. पहिल्या दिवशी गाडी वेग कमी न करता गेली तेव्हा फलाटावर पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बाया वाऱ्याने मागे सरल्या. निरोप मिळूनही त्या आल्या होत्या. त्यांना वाटत होते, आपल्याला पाहून गाडी थांबेल.

गावाला कोणीतरी दोषी हवा होता, आणि तो गावाला सहज सापडला. "टेसनाप्पानं टेसन घालवलं." पारावर हेच, पिठाच्या गिरणीत हेच. कोणी त्यांच्या वस्तीचा उल्लेख करून आणखी एक वाक्य जोडी, ते मी इथे लिहिणार नाही. मी देवळाच्या ओवरीत लोकांना समजावण्याचा प्रयत्न केला, की आप्पा बोलले नसते तर तुम्हा सर्वांना दंड झाला असता. चेअरमन म्हणाले, "गुरुजी, तुमी आपलं श्लोकाचं बघा."

मी आप्पांना म्हटले, "तुम्ही स्वतः का सांगत नाही?"

ते बंद खोलीसमोरच्या बाकावर बसून कर्दळीची वाळलेली पाने खुडत होते. "काय सांगू, गुरुजी? दंड झाला असता तर हेच लोक म्हणालं असतं, टेसनाप्पानं धरून दिलं. टेसन गेलं, ते गेलं. माणसं तर घरला गेली."

धूर दिसला की त्यांचा हात अजूनही त्या रुळाच्या तुकड्याकडे जाई. मग पुढे कोणीतरी तो तुकडाच काढून नेला.

त्यांची मुलगी निपाणीत शिक्षिका होती. तिने त्यांना तिकडे बोलावले. निपाणी म्हणजे तंबाखूच्या वखारींचे गाव. तिथे रेल्वे नाही. मी तसे म्हटले तर आप्पा हसले. "बरंच हाय की. आवाज ऐकून उठाय नगं."

निघाले त्या दिवशी बसथांब्यावर मी एकटाच होतो. एक पत्र्याची पेटी, दोन्ही तसबिरी गुंडाळलेले बोचके, आणि काखेत फडक्यात बांधलेली ताटली. माणसे रस्त्याने जात होती. काही जण पाहून दुसरीकडे वळले. इतकी वर्षे ज्यांनी गावाला परत या म्हटले, त्यांना तसे म्हणायला गावातले कोणी आले नाही, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागत होती. बस सडकेच्या वळणावर दिसू लागली.

तेवढ्यात आक्का आली. धापा टाकत, पदर खोचलेला. हातात केळीच्या पानात गुंडाळलेले काहीतरी. आप्पांनी तिला पाहिले, आणि सवयीने काखेतली ताटली काढली, फडके सोडले, आणि तिच्यापुढे धरली. तिने जे आणले ते ताटलीत ठेवावे म्हणून.

आक्का खेकसली, "सार ती बाजूला!"

आप्पा गोंधळले.

"हात कर म्हणते न्हवं! दोनी हात कर."

ताटली मी घेतली. आप्पांनी दोन्ही हात पुढे केले. आक्काने ते पान त्यांच्या ओंजळीत ठेवले आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी ओंजळ मिटवली. पानात शेंगाची पोळी होती, शेंगदाणे-गुळाची, अजून कोमट. तिचे हात बराच वेळ तिथेच होते.

"धरलं असतं रं त्या काळ्या कोटानं मला," ती म्हणाली. "समद्यांस्नी म्हायती हाय. बोलत न्हाईत मुडदे." मग आवाज चढवून, नेहमीसारखा, "जा आता. आन् परत ये."

आप्पा बसमध्ये चढले आणि मी ताटली खिडकीतून त्यांच्याकडे दिली. ती त्यांनी मांडीवर घेतली, आणि ओंजळ तशीच मिटलेली ठेवली.

ते परत आले नाहीत. पुढे निपाणीहून त्यांच्या निधनाची बातमी आली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. त्या दिवशी स्नान करून मी त्यांच्यासाठी जे करायचे ते माझ्या रीतीने केले. त्यांच्या धर्माची रीत वेगळी होती, पण ते मला समजून घेतील असा विश्वास वाटला.

संध्याकाळी पाय आपोआप त्या थांब्याकडे वळले. खोलीची कौले गेली होती, दार गेले होते, कर्दळ मात्र माजली होती. आक्का, आता पाठीत वाकलेली, खिडकीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या चिंचा उलटवीत होती. कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत चिंचांनी भरला होता. फक्त मधोमध एक वाटोळी जागा तिने मोकळी सोडली होती. ताटलीच्या घासण्याने तिथला चुना झिजून गुळगुळीत झाला होता.

बातमी तिला कळली होती की नाही, मला ठाऊक नव्हते. जवळ जाऊन मी म्हणालो, "आक्का, मध्ये जागा आहे. तिथंही पसरा की."

तिने वर पाहिले नाही.

"तितं नगं, गुरुजी. त्येची ताटली असती तितं."